डॉ. रॉबर्ट कॉख : बुळकांडी, पटकी आणि तुमच्या गोठ्यातली हगवण

परभणी जिल्ह्यात तुमचे घर असेल आणि घराला लागून गोठा असेल, तर हे चित्र तुम्ही पाहिलेले असेल. पावसाळ्यात एखाद्या वासराला हगवण लागते. चार दिवसांनी घरातल्या लहान मुलालाही जुलाब सुरू होतात. मग मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या शोधल्या जातात. एक मुलाला दिली जाते, तीच भाकरीत घालून वासराला. कधी दोघेही बरे होतात आणि गोळीवर विश्वास बसतो. कधी वासरू जाते आणि मुलाला दवाखान्यात भरती करावे लागते.

दोन्ही ठिकाणी चूक एकच होते. हगवण हा रोग आहे असे आपण धरून चालतो. खरे तर ती खूण आहे, तापासारखी. तिच्यामागे जिवाणू, विषाणू किंवा परजीवी, यांपैकी कोणीही असू शकते, आणि प्रत्येकावरचा उपाय वेगळा असतो. आधी कारण सिद्ध करा, मग उपचार ठरवा, ही शिस्त वैद्यकशास्त्राला ज्यांनी लावली त्यांत जर्मन डॉक्टर रॉबर्ट कॉख यांचे नाव सर्वांत वरचे आहे. क्षयरोगाच्या जंतूमुळे तुम्ही त्यांचे नाव ऐकले असेल. पण त्यांच्या कामाचा मोठा भाग गुरांच्या रोगांशी बांधलेला होता, आणि त्यातला एक धागा महाराष्ट्रातूनही जातो.

खेड्यातला सरकारी डॉक्टर

कॉख यांचा जन्म 11 डिसेंबर 1843 रोजी जर्मनीतल्या क्लाउस्टाल या खाणींच्या गावात झाला. वडील खाणखात्यात अधिकारी, घरात तेरा भावंडे. ग्योटिंगन विद्यापीठातून ते 1866 मध्ये डॉक्टर झाले. युद्धात सैन्याबरोबर काम करून आल्यावर 1872 मध्ये त्यांना वोलश्टाइन या लहान गावात सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याची जागा मिळाली. हे गाव आज पोलंडमध्ये आहे.

दिवसभर रुग्ण तपासायचे आणि उरलेल्या वेळात सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायचे, असा त्यांचा क्रम होता. वेगळी प्रयोगशाळा नव्हती. राहत्या घरातल्या तपासणीच्या खोलीचा एक भाग पडद्याने वेगळा केला होता. तिथे त्यांनी पहिला मोठा शोध लावला, आणि तो गुरामेंढरांच्या रोगाचा होता.

त्या भागात मेंढ्या आणि गाई अँथ्रॅक्सने मरत. आपल्याकडे जनावरांतल्या या रोगाला फाशी म्हणतात, माणसाच्या त्वचेवर तो काळपुळी म्हणून दिसतो. शेतकऱ्यांना एक गोष्ट अनुभवाने ठाऊक होती: काही कुरणे वाईट असतात. तिथे गुरे चारली की वर्षानुवर्षे मरतात. का, ते कोणालाच सांगता येत नव्हते.

मेलेल्या जनावराच्या रक्तात काडीसारखे जंतू दिसतात, हे कॉख यांच्या आधीच इतरांनी पाहिले होते. पण जंतू दिसला म्हणजे रोग त्यानेच केला, असे होत नाही. कॉख यांनी बैलाच्या डोळ्यातल्या निर्मळ पाण्यात हे जंतू वाढवले. एका थेंबातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, अशा अनेक पिढ्या वाढवल्यावर मूळ रक्ताचा अंशही उरला नाही. तरी त्या शेवटच्या थेंबाने उंदराला तोच रोग झाला. परिस्थिती प्रतिकूल झाली की हे जंतू कठीण कवचाचे बीजाणू बनवतात, हेही त्यांनी पाहिले. असे बीजाणू मातीत वर्षानुवर्षे टिकतात. वाईट कुरणाचे कोडे सुटले. 1876 मध्ये त्यांनी हे काम ब्रेसलाऊ विद्यापीठात करून दाखवले, आणि खेड्यातल्या डॉक्टरचे नाव युरोपभर झाले.

यातून तुमच्यासाठी निघणारी सूचना आजही तीच आहे. जनावर अचानक मेले आणि नाकातोंडातून किंवा गुदद्वारातून न गोठणारे काळपट रक्त आले, तर ते फाडू नका, सोलू नका, मांस खाऊ नका. आधी पशुवैद्यकाला बोलवा.

बटाट्याच्या चकतीवर वेगळे केलेले जंतू

1880 मध्ये कॉख बर्लिनच्या शाही आरोग्य कार्यालयात गेले. तिथे त्यांच्यासमोर एक व्यावहारिक अडचण होती. रुग्णाच्या शौचात किंवा जनावराच्या शेणात असंख्य प्रकारचे जंतू एकत्र असतात. पातळ रसात वाढवले तर सगळ्यांची खिचडी होते. उकडलेल्या बटाट्याच्या चकतीवर मात्र प्रत्येक जंतूचा ठिपका वेगळा उगवतो, हे त्यांच्या लक्षात आले. पुढे जिलेटिन आले. ते उन्हाळ्यात वितळायचे, म्हणून सहकाऱ्याची पत्नी फॅनी हेस हिच्या सूचनेवरून आगर वापरात आले. समुद्री शेवाळापासून बनणाऱ्या या पदार्थावर आजही प्रयोगशाळेत जंतू वाढवतात. तुम्ही ‘कल्चर’ची तपासणी करून घेता, ती या पद्धतीची नात आहे.

24 मार्च 1882 रोजी त्यांनी क्षयरोगाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. म्हणून 24 मार्च हा जागतिक क्षयरोग दिन.

या काळात एखाद्या जंतूवर रोगाचा ठपका ठेवण्याच्या अटी पक्क्या होत गेल्या. तो जंतू त्या रोगाच्या प्रत्येक रुग्णात सापडला पाहिजे. तो शरीराबाहेर एकटा वाढवता आला पाहिजे. निरोगी जनावराला टोचल्यावर तोच रोग झाला पाहिजे, आणि त्या जनावरातून तोच जंतू पुन्हा मिळाला पाहिजे. या अटी कॉख यांच्या नावाने ओळखल्या जातात.

कोलकात्यातली पटकी

1883 मध्ये इजिप्तमध्ये पटकी म्हणजे कॉलरा पसरला. जर्मन सरकारने कॉख यांच्या नेतृत्वाखाली पथक पाठवले. तिथली साथ ओसरू लागली, तेव्हा ते रोगाच्या मागावर कोलकात्याला आले. डिसेंबर 1883 पासून तिथे त्यांनी पटकीने मेलेल्या रुग्णांची आतडी तपासली. स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू त्यांना पुन्हा पुन्हा सापडला. ज्या तलावाचे पाणी लोक पिण्याला, धुण्याला आणि आंघोळीला वापरत, त्या तलावातही तो मिळाला.

इथे एक अडचण उभी राहिली. प्राण्यांना हा जंतू देऊन पटकी होईना. म्हणजे स्वतःच घातलेली एक अट त्यांना पूर्ण करता आली नाही. पटकी हा मुळात माणसाचा रोग, गुरांना तो होत नाही. तरीही बाकीचा पुरावा इतका भक्कम होता की त्यांनी निष्कर्ष मांडला, आणि तो बरोबर निघाला.

हा जंतू नेमके करतो काय, हे कोलकात्याच्याच डॉ. शंभूनाथ डे यांनी 1959 मध्ये दाखवले. तो आतडे कुरतडत नाही. तो एक विष सोडतो आणि त्या विषामुळे आतड्याच्या पेशी शरीरातले पाणी व क्षार बाहेर ओततात. नवजात वासरांना पांढरी, पाण्यासारखी हगवण लावणारे ई. कोलाय जंतू असेच विष वापरतात. मूल असो की वासरू, अशा हगवणीत जीव जातो तो मुख्यतः पाणी आणि क्षार संपल्याने. म्हणून पहिला उपचार गोळी नसून क्षारयुक्त पाणी असतो.

बुळकांडी आणि मुंबईचा प्लेग

घरातल्या आजी-आजोबांना विचारा, बुळकांडी हा शब्द त्यांना ठाऊक असेल. हा गाई, बैल आणि म्हशींचा रोग. आधी जोराचा ताप, डोळ्या-नाकातून स्राव, तोंडात चट्टे, आणि मग दुर्गंधीयुक्त, कधी रक्तमिश्रित हगवण. आठ-दहा दिवसांत जनावर जायचे. रोग गावात शिरला की गोठेच्या गोठे रिकामे व्हायचे. बैल गेले की पेरणी थांबायची, आणि पेरणी थांबली की घरात उपासमार यायची. बुळकांडी माणसाला होत नव्हती, पण माणसांचे जीवही अशा वाटेने घेत होती.

या रोगाचा अभ्यास करण्यासाठी 1889 मध्ये पुण्यात शाही जिवाणू प्रयोगशाळा सुरू झाली. डॉ. आल्फ्रेड लिंगार्ड तिचे प्रमुख होते. इतके घातक जंतू वस्तीपासून दूर असावेत आणि हवा थंड असावी, म्हणून 1893 मध्ये ती कुमाऊंच्या डोंगरातल्या मुक्तेश्वरला हलवली गेली. आजच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेचे मूळ पुण्यातल्या या प्रयोगशाळेत आहे.

त्याच दशकात बुळकांडी आफ्रिकेत पसरली आणि तिथली गुरे लाखोंनी मेली. तिथल्या सरकारने कॉख यांना बोलावले. डिसेंबर 1896 मध्ये ते दक्षिण आफ्रिकेत पोहोचले आणि किंबर्ली इथे कामाला लागले. त्यांनी नेहमीच्या पद्धतीने जंतू शोधला, पण काहीच सापडले नाही. सापडणार कसे? बुळकांडी विषाणूमुळे होते, आणि विषाणू त्या काळच्या सूक्ष्मदर्शकात दिसत नव्हता, आगरवर वाढतही नव्हता. रोगकारक घटक बारीक गाळणीतून पार जातो, हे 1902 मध्ये तुर्कस्तानात सिद्ध झाले.

शत्रू दिसत नसतानाही कॉख यांनी एक उपाय शोधला. बुळकांडीने मेलेल्या जनावराचे पित्त निरोगी जनावराच्या कातडीखाली टोचले, तर सुमारे दहा दिवसांत त्याला संरक्षण मिळते. पद्धत ओबडधोबड होती. पित्तासाठी आजारी जनावरे लागत आणि कधी टोचण्यातूनच रोग पसरे. पुढे तिच्या जागी चांगल्या पद्धती आल्या. पण हा रोग रोखता येतो, हे त्या वेळी शेतकऱ्यांना डोळ्यांनी दिसले.

हे काम अर्धे सोडून 1897 मध्ये कॉख मुंबईला आले, कारण तिथे प्लेग थैमान घालत होता. जर्मन पथक आधीच मुंबईत काम करत होते. प्लेगमध्ये उंदरांचा मोठा हात आहे, या मताला त्यांच्या पाहणीने बळ मिळाले. त्याच वर्षी लिंगार्ड यांच्या आमंत्रणावरून ते मुक्तेश्वरलाही गेले. तिथे पुढे बुळकांडीविरोधी रक्तद्रव तयार होऊ लागले, आणि 1920 च्या दशकात जे. टी. एडवर्ड्स यांनी शेळ्यांमध्ये विषाणू सौम्य करून लस बनवली.

भारतात बुळकांडी निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम 1954 मध्ये सुरू झाली. गावोगाव गुरांना लस टोचली गेली. देशातली शेवटची साथ 1995 मध्ये नोंदली गेली. 2011 मध्ये सगळे जग बुळकांडीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. देवीनंतर पृथ्वीवरून पुसला गेलेला हा दुसरा रोग, आणि प्राण्यांच्या रोगांतला पहिला. आज परभणीतल्या लाल कंधारी गाईला हगवण लागली तर ती बुळकांडी नसते, हे निश्चिंतपणे म्हणता येते ते या शंभर वर्षांच्या कामामुळे. शेळ्या-मेंढ्यांचा पीपीआर हा बुळकांडीच्या विषाणूच्या जवळच्या नात्यातला रोग मात्र आहे. त्याची लस उपलब्ध आहे, ती चुकवू नका.

जिथे घाई झाली

कॉख यांच्या आयुष्यातल्या दोन चुका रुग्णांनी मुद्दाम समजून घ्याव्यात अशा आहेत.

पहिली 1890 मधली. क्षयावर उपाय सापडल्याचे त्यांनी जाहीर केले. क्षयजंतूंपासून काढलेला हा अर्क म्हणजे ट्युबरक्युलिन. रुग्ण आशेने बर्लिनला धावले. पण पुरेशी पडताळणी झालेली नव्हती. अर्काने क्षय बरा झाला नाही, काही रुग्णांची प्रकृती जास्तच बिघडली आणि मृत्यूही झाले. पुढे त्या अर्काचा खरा उपयोग कळला: तो औषध म्हणून चालत नाही, तपासणी म्हणून चालतो. गाई-म्हशींमधला क्षय ओळखायला तो आजही टोचतात.

दुसरी 1901 मधली. गुरांच्या क्षयाचा माणसाला फारसा धोका नाही, असे त्यांनी लंडनच्या परिषदेत मांडले. माणसाचा आणि गुरांचा क्षयजंतू वेगळा असतो, हे खरे होते. पण त्यावरून धोका नाही असे ठरत नव्हते. ब्रिटनने चौकशीसाठी आयोग नेमला, आणि कच्च्या दुधातून हा रोग माणसाला, विशेषतः मुलांना होतो, हे सिद्ध झाले. म्हणून दूध उकळूनच प्या. घरच्या गाईचे असले तरी उकळा.

1905 मध्ये कॉख यांना क्षयरोगावरील कामासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. 27 मे 1910 रोजी बाडेन-बाडेन इथे त्यांचे निधन झाले. नोबेल मिळवणारा माणूसही पुराव्याच्या पुढे गेला की चुकतो. मग अंदाजाने दिलेली गोळी चुकणार नाही असे आपण कसे धरावे?

आज गोठ्यात हगवण कशामुळे होते?

जनावराचे वय हा पहिला धागा असतो.

पहिल्या चार-पाच दिवसांत वासराला पाण्यासारखी हगवण लागली तर ई. कोलायचा संशय जास्त. पहिल्या एक-दोन आठवड्यांत रोटा आणि कोरोना गटातले गुरांचे विषाणू. हा कोरोना कोविडचा नव्हे. एक ते तीन आठवड्यांच्या वासरात क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी. तीन आठवड्यांनंतर रक्त व आव पडत असेल तर कॉक्सिडिया, म्हणजे रक्ती हगवण. जंत कोणत्याही वाढत्या वासरात असू शकतात. साल्मोनेला कोणत्याही वयात, बहुधा तापासह. आणि दोन वर्षांपुढची गाय खाते-पिते, तरी महिनोन्‌महिने पातळ शेण टाकून वाळत जाते, तेव्हा जोन्स रोगाची तपासणी करावी लागते. त्याचा जंतू क्षयजंतूच्या कुळातलाच आहे.

यांतल्या विषाणूंवर आणि परजीवींवर प्रतिजैविक चालत नाही. म्हणून औषध सुरू करण्याआधी ताजे शेण स्वच्छ डबीत घेऊन पशुवैद्यकाकडे न्या. परभणीत पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. कोणती तपासणी कुठे करायची, हे तुमच्या तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारता येते. 1962 हा मदतीचा क्रमांकही आहे.

वासराला जन्मानंतर दोन तासांच्या आत चीक पाजायला सुरुवात करा. पहिल्या सहा तासांत त्याच्या वजनाच्या साधारण दहावा हिस्सा चीक पोटात जायला हवा. 25 किलोच्या वासराला म्हणजे सुमारे अडीच लिटर, दोन-तीन वेळा विभागून. वासरू जन्मते तेव्हा त्याच्या रक्तात रोगाशी लढणारी प्रथिने जवळपास नसतात. ती चिकातूनच मिळतात, आणि काही तासांनी आतडे ती शोषणे बंद करते. खरवस नंतर होईल, आधी वासरू.

हगवण लागलेल्या वासराचे दूध पूर्ण बंद करू नका. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने क्षारांचे पाणी द्या. डोळे खोल गेले, चिमटीत धरलेली कातडी लवकर खाली बसेना, चोखणे बंद झाले किंवा वासरू उठेना, तर त्याच दिवशी शिरेतून सलाईन लागते.

घरातल्या माणसांनी काय करावे?

साल्मोनेला, क्रिप्टोस्पोरिडियम आणि ई. कोलायचे काही प्रकार शेणातून माणसाच्या पोटात जातात. त्यामुळे हगवण लागलेले वासरू वेगळे बांधा. त्याचे काम शेवटी करा आणि नंतर साबणाने हात धुवा. पाच वर्षांखालची मुले, गरोदर बाई, म्हातारी माणसे, तसेच कॅन्सरचे, एचआयव्हीचे किंवा अवयव प्रत्यारोपणाचे उपचार चालू असलेले रुग्ण, यांनी त्या वासरापासून दूर राहावे. गोठ्याच्या उताराला हातपंप किंवा विहीर असेल तर पिण्याचे पाणी उकळून घ्या. जनावराला प्रतिजैविक दिले असेल तर किती दिवस दूध वापरायचे नाही, ते पशुवैद्यकाला विचारा.

मुलाला जुलाब झाले तर ओआरएसचे पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच विरघळवा, घोट-घोट पाजा आणि 24 तासांनंतर उरलेले फेकून द्या. आईचे दूध आणि नेहमीचे जेवण चालू ठेवा. झिंकच्या गोळ्या डॉक्टर सांगतील तितके दिवस पूर्ण द्या. जुलाब थांबवणारी गोळी किंवा प्रतिजैविक मनाने देऊ नका.

शौचात रक्त, सतत उलट्या, सहा तास लघवी नाही, खोल गेलेले डोळे, सुस्ती किंवा जोराचा ताप, यांपैकी काहीही दिसले तर थांबू नका. जवळच्या दवाखान्यात जा किंवा 108 ला फोन करा. आणि डॉक्टरांना एक गोष्ट आवर्जून सांगा: घरी गोठा आहे आणि गोठ्यातल्या वासरालाही हगवण लागली आहे. त्या एका वाक्याने कोणती तपासणी आधी करायची, हे ठरू शकते.